ड्रोन हरला, नथ चालली

लग्नाची ऑर्डर ठरवायला आलेली माणसं पूर्वी विचारायची, अल्बमला पानं किती, पंगतीचं शूटिंग धरलंय का, मुहूर्ताला दोन कॅमेरे मिळतील का. आता नवरी मुलगी खुर्चीत बसता बसताच विचारते, "ताई, रील व्हायरल होईल ना?" शेजारी बसलेले तिचे वडील अॅडव्हान्समधून थोडेफार कसे सुटतील या हिशेबात असतात. आईचं म्हणणं एवढंच की सगळ्या आत्या फोटोत आल्या पाहिजेत, मागाहून रुसवेफुगवे नकोत. मुलीच्या प्रश्नाला उत्तर द्यायची पाळी माझ्यावर येते. 'होईल' असं मी कधीच म्हणत नाही. पण कुठलं रील का चालतं याचा अंदाज आता आलाय, आणि लोक समजतात त्याहून तो बराच वेगळा आहे.

मी साताऱ्यात लग्नांचे व्हिडिओ करते. धंदा मूळचा बाबांचा. ते व्हीएचएस कॅसेटच्या जमान्यातले. खांद्यावर जड कॅमेरा, मागे हॅलोजनचा दिवा धरलेला पोरगा आणि त्या झगझगाटात घाम पुसणारी नवरी. मिक्सिंग करताना नवरा-नवरीचे चेहरे बदामाच्या आकारात बसवायचे आणि तो बदाम फिरत फिरत पडद्याच्या कोपऱ्यात जायचा. बदामाचे पैसे वेगळे लागायचे. कॅसेट घरी आली की अख्खी आळी बघायला जमायची. पण बाबा सांगतात, बदाम कुणी बघत नसे. "मी कुठाय? मी कुठाय?" एवढंच चालायचं. पंगतीत वाढताना, वरातीत नाचताना, मंडपात डुलकी काढताना आपण दिसतो का, हे बघायला लोक दोन-दोन तास बसत. लग्न दुसऱ्याचं, शोधायचं स्वतःला. इतकी वर्षं रील्स कापून मी बाबांच्या या निरीक्षणापलीकडे फार गेले आहे असं मला वाटत नाही.

एका सीझनला आम्ही वाईजवळ मेणवलीच्या घाटावर प्री-वेडिंग केलं. नाना फडणवीसांचा वाडा, खाली कृष्णा, 'स्वदेस'चं शूटिंग झालेला तो घाट. पहाटेचा उजेड गाठायचा म्हणून सगळे रात्री उठून निघालेले. ड्रोन होता, भाड्याचा लांब गाऊन होता, रंगीत धूर सोडायच्या नळकांड्या होत्या. गाऊनचं शेपूट पाण्यात जाऊ नये म्हणून नवरीची बहीण ते धरून बसलेली आणि ड्रोन वर गेला की पायरीमागे लपायची. रील देखणं झालं. नातेवाइकांनी बघितलं, कॉलेजच्या ग्रुपने बदाम टाकले आणि तिथंच ते थांबलं.

त्याच सीझनला कोरेगाव तालुक्यात एक लग्न होतं. हळद उरकली होती. मंडपात प्लास्टिकच्या खुर्चीवर नवऱ्या मुलाची आजी बसलेली, मांडीवर झोपलेलं पतवंड. नाकात दाबाची नथ, ती सैल होऊन ओठावर आलेली. हात गुंतलेले, त्यामुळे तिला ती सावरता येईना. शेजारच्या खुर्चीवर आजोबा. त्यांनी चष्मा कपाळावर सारला, जाड बोटांनी नथीचा दाब धरला आणि बसवायला गेले. नथ निसटली, लुगड्याच्या घडीत पडली. त्यांनी ती शोधली, फुंकर मारली, सदऱ्याला पुसली आणि पुन्हा बसवली. मधे आजी काहीतरी पुटपुटली, बहुधा "हळू". मग आजोबा मान मागे घेऊन एकदा नीट बघतात, ती सरळ बसलीय का म्हणून. बसलीय असं दिसल्यावर लगेच दुसरीकडे तोंड फिरवतात, जणू काही झालंच नाही. आमचा पोरगा खरं तर त्या झोपलेल्या बाळाचं शूटिंग करत होता.

मी त्यातली वीसेक सेकंद ठेवली. गाणं लावलं नाही. मागे आचाऱ्याच्या भांड्यांचा आवाज होता आणि माइकवर कुणीतरी "हॅलो, चेक" करत होतं, ते तसंच राहू दिलं. टाकायच्या आधी नातवाला विचारलं, त्याने आजीला दाखवलं. आजीची हरकत एकच: "माझं नाक एवढं मोठं दिसतंय व्हय?" मग म्हणाली, टाका.

ते रील उडालं. 'उडालं' हा आमच्या धंद्यातला शब्द. मेणवलीच्या नवरीचा फोन आला, आवाजात राग नव्हता पण हिशेब होता: "ताई, आमच्यावर एवढा खर्च झाला, आणि त्या आजी-आजोबांना काहीच न करता?"

तिचा प्रश्न रास्त होता. उत्तर मला पेजच्या आकड्यांत सापडलं. धंद्याचं खातं असलं की इन्स्टाग्राम प्रत्येक रीलखाली हिशेब दाखवतं: किती जणांनी बघितलं, त्यात आपले फॉलोअर किती आणि परके किती, लाइक किती, सेव्ह किती आणि किती जणांनी दुसऱ्याला पाठवलं. कागदी विमानासारखं जे चिन्ह असतं, ते पाठवण्याचं. मेणवलीच्या रीलला लाइक भरपूर होते, विमानाखाली जेमतेम आकडा. नथीच्या रीलला कमेंटपेक्षा पाठवणारे कितीतरी जास्त. आणि ज्या कमेंट होत्या, त्यांत आजी-आजोबांचं कौतुक थोडं आणि माणसांची नावं जास्त. एका बाईंनी नवऱ्याला टॅग करून लिहिलेलं, "बघा, शिका काहीतरी." कुणी मैत्रिणीला: "माझ्या आज्जीची नथ अश्शीच होती." एका गृहस्थांनी बायकोचं नाव टॅग केलं, पुढे एक अक्षर नाही. तिने खाली विचारलेलं, "आज काय झालं तुम्हाला?"

माझ्या मते सगळी मेख त्या विचारण्यात आहे. प्रेमाची पोस्ट पसरते ती त्या जोडप्यावर लोकांचा जीव जडतो म्हणून नव्हे. प्रत्येकाला कुणातरी एका माणसाला काहीतरी सांगायचं असतं. ते स्वतःच्या तोंडाने जमत नाही. तयार व्हिडिओ सापडला की तो पुढे ढकलता येतो. त्यात आपण काही बोललो नाही, ही पळवाटही शाबूत राहते. मेणवलीच्या रीलमध्ये तशी जागा नव्हती. ते त्या दोघांचंच होतं. गाऊन, धूर, घाट. ते बघून कुणी नवऱ्याला काय पाठवणार? पाठवलंच तर तो म्हणणार, "मग काय, ड्रोन भाड्याने आणू?" नथ मात्र प्रत्येकाच्या घरात कुणाच्या ना कुणाच्या नाकावरून घसरलेली असते.

आता यंत्राचं. इन्स्टाग्रामचे प्रमुख अॅडम मोसेरी यांनी जानेवारी २०२५ मध्ये उघड सांगितलं की रील किती लोकांपुढे न्यायचं हे ठरवताना तीन गोष्टींना सर्वांत जास्त महत्त्व असतं: लोक ते किती वेळ बघतात, बघणाऱ्यांपैकी किती जण लाइक करतात आणि किती जण दुसऱ्याला पाठवतात. आपल्या ओळखीतल्या लोकांपर्यंत पोचायला लाइक उपयोगी, परक्यांपर्यंत पोचायला पाठवणं जास्त उपयोगी. फेसबुकनेही जानेवारी २०१८ मध्ये आपली न्यूजफीड बदलली. पेजेस आणि बातम्या मागे सारून ओळखीची माणसं ज्यावर आपसात बोलतात ते पुढे आणायचं, असा तो बदल होता. म्हणजे नुसता अंगठा दाखवून पुढे गेलेला माणूस यंत्राच्या लेखी कमी मोलाचा. थांबून कमेंट करणारा, कुणाला तरी हाक मारणारा मोलाचा. नवरा-बायकोचा विषय निघाला की हाका आपोआप मारल्या जातात. यंत्राला प्रेम कळत नाही, त्याला फक्त हाका मोजता येतात.

आपल्याकडे हे जास्त चालण्याला आणखी एक कारण आहे असं मला वाटतं. आपल्या बहुतेक घरांत नवरा-बायकोचं प्रेम थेट बोललं जात नाही. "जेवलीस का?" एवढ्यात बरंच काही आटोपतं. बायका "अहो" म्हणतात, पुरुष तेही म्हणत नाहीत, नुसतं "ऐकलं का". पण याच घरांनी उखाणाही जपला. एरवी नवऱ्याचं नाव न घेणारी बाई भर मंडपात, सासू-नणंदांच्या घोळक्यात, यमक जुळवून ते नाव घेते. "नाव घे, नाव घे" म्हणून सगळे मागे लागलेले असतात, म्हणून तिला ते घ्यावंच लागतं, म्हणजे स्वतःहून घेतल्याचा आळ नाही. सांगायचं असतं एकालाच, ऐकायला पन्नास जण लागतात. मोबाइल आला तेव्हा ही सवय आपल्याला आधीपासून होती. आमच्या पेजवर उखाण्याचं रील सहसा पडत नाही, आणि त्यातही नवऱ्या मुलाने नाव घेतलेलं जास्त चालतं. पुरुष इतकी वर्षं त्यातून सुटत आले, म्हणून बायकांना ते पुन्हा पुन्हा बघायला आवडतं. हे माझं अनुमान. आकडे त्याच्या बाजूने आहेत, एवढं सांगते.

भावना म्हटल्या की सगळ्याच सारख्या पसरत नाहीत. अमेरिकेत व्हॉर्टन स्कूलच्या जोना बर्जर आणि कॅथरिन मिल्कमन या दोघांनी 'न्यूयॉर्क टाइम्स'चे जवळजवळ सात हजार लेख तपासले. वाचक कुठले लेख एकमेकांना सर्वाधिक ईमेल करतात, हे त्यांना बघायचं होतं. त्यांचा अभ्यास २०१२ मध्ये छापून आला. चांगल्या भावनेचे लेख वाईटापेक्षा जास्त पाठवले जातात, पण खरा फरक आणखी एका गोष्टीने पडतो: भावना माणसाला हलवते की बसवते. अचंबा, राग, धास्ती यांनी माणूस अस्वस्थ होतो, काहीतरी करावंसं वाटतं, म्हणून तो पाठवतो. नुसत्या दुःखाने माणूस जागच्या जागी बसतो, हात हलत नाही.

मला हे पाठवणीच्या व्हिडिओंवरून आधीच कळलं होतं, कारण मात्र माहीत नव्हतं. नवरी रडतेय, आई रडतेय, सगळी गाडीभोवती रडतायत, असं रील लोक बघतात आणि सरकतात. पण बाप गाडीचं दार लावताना "टायरमधली हवा बघितली का रे?" असं जावयाला विचारतो आणि ती रडता रडता हसते, हे लोक पाठवतात. अस्सल रडण्यापेक्षा रडणं आवरताना झालेली फजिती जास्त दूर जाते.

रागाचंही तेच, आणि ही बाजू बरी नाही. २०२१ मध्ये फुटलेल्या फेसबुकच्या अंतर्गत कागदपत्रांतून कळलं की मधला काही काळ रागाच्या इमोजीचं वजन साध्या लाइकच्या पाचपट धरलं जायचं. बदामाचंही तेवढंच होतं, म्हणजे यंत्राला दोन्ही सारखेच. त्यामुळे दोन माणसांचं प्रेम काही वेळा त्यांच्यावर चिडलेल्या लोकांमुळे पसरतं. ऑक्टोबर २०२० मधली तनिष्कची जाहिरात आठवते? हिंदू सुनेचं डोहाळजेवण तिच्या मुसलमान सासरी होतंय, एवढीच गोष्ट. ट्विटरवर बहिष्काराची हाक उठली आणि कंपनीने जाहिरात मागे घेतली. ज्यांनी ती टीव्हीवर कधी बघितली नसती, त्यांनी ती भांडणापायी बघितली.

ती निदान जाहिरात होती. खऱ्या माणसांचं काय होतं, ते केरळात दिसलं. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यानुसार नोंदणी लग्न करायचं तर आधी नोटीस द्यावी लागते आणि कुणाची हरकत असली तर ती घेता यावी म्हणून ती कार्यालयात तीस दिवस लावलेली असते. केरळात या नोटिसा संकेतस्थळावरही टाकल्या जायच्या, फोटो आणि पत्त्यासकट. २०२० मध्ये लोकांनी त्या उतरवून घेतल्या आणि आंतरधर्मीय जोडप्यांच्या याद्या म्हणून समाजमाध्यमांवर फिरवल्या. शेवटी जुलैमध्ये तिथल्या सरकारने नोटिसा ऑनलाइन टाकणं बंद केलं. आमच्याकडेही अशी जोडपी येतात. रजिस्टर लग्न झालेलं असतं, दहा-बारा मित्र, एका हॉटेलात जेवण. पैसे हातात ठेवताना आधी बजावतात, "पेजवर काही टाकू नका हं." त्यांचे व्हिडिओ माझ्या कामातले सर्वांत चांगले व्हिडिओ आहेत आणि ते कुणीही बघितलेले नाहीत.

नामवंतांचा हिशेब वेगळा. तिथं हाक मारायला माणूस शोधावा लागत नाही, ती जोडी लोकांना आपलीच वाटत असते. विराट कोहली तेव्हा भारताचा कर्णधार. पण २०१८ मध्ये भारतात ट्विटरवर सर्वाधिक लाइक मिळाले ते त्याच्या कुठल्या शतकाला नव्हे, बायको अनुष्कासोबतच्या करवा चौथच्या फोटोला. २०२० मध्ये बाळ येणार असल्याच्या बातमीला, २०२१ मध्ये मुलगी झाल्याच्या. डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोन अभ्यासकांनी १९५६ मध्ये टीव्ही-रेडिओबद्दल हे लिहून ठेवलंय: पडद्यावरचा माणूस रोज आपल्याशी बोलतोय असं वाटायला लागलं की प्रेक्षक त्याच्याशी एकतर्फी नातं जोडतो. त्यांच्यापुढे तेव्हा टीव्हीचे निवेदक होते. आपण मराठी माणसांनी त्याला नात्याची नावंही देऊन टाकली. रितेश आणि जिनिलिया देशमुखांच्या रील्सखाली बघा, सगळा महाराष्ट्र "दादा-वहिनी" म्हणतो. वहिनी म्हटलं की चेष्टा करायचा हक्क आला, काळजी करायचाही आला, आणि चौकशा करायचाही.

चौकशीचा हक्क किती लांब जातो ते सांगलीने दाखवलं. सांगली आमच्या पट्ट्यातलीच, धंद्यातली माणसंही ओळखीची, म्हणून ते दिवस मला चांगले आठवतात. २ नोव्हेंबर २०२५ ला भारताच्या मुलींनी नवी मुंबईत डी. वाय. पाटील स्टेडियमवर क्रिकेटचा विश्वचषक जिंकला. त्याच मैदानावर संघातल्या स्मृती मानधनाला तिच्या होणाऱ्या नवऱ्याने डोळ्यांवर पट्टी बांधून आणून अंगठी घातल्याचा व्हिडिओ नंतर आला. जेमिमा रॉड्रिग्ज आणि इतर सहकाऱ्यांसोबत नाचत तिने अंगठी दाखवली, ते रीलही आलं. 'समझो हो ही गया' हे गाणं पुढच्या कितीतरी नवऱ्या मुलींनी आमच्याकडे मागितलं. लग्न २३ नोव्हेंबरला सांगलीत होतं. तिच्या वडिलांची तब्येत बिघडली, लग्न पुढे गेलं. त्यानंतर तिच्या पानावरून साखरपुड्याच्या पोस्ट दिसेनाशा झाल्या आणि ती सुद्धा बातमी झाली. अगदी भाजीवाल्यापासून सगळ्यांचं आपापलं मत तयार होतं. ७ डिसेंबरला तिने स्वतःच लिहिलं की लग्न रद्द झालं आहे, दोन्ही कुटुंबांना थोडी मोकळीक द्या. ज्या लोकांनी नाचाचं रील मैत्रिणींना पाठवलं होतं, त्यांनीच हेही पाठवलं. पहिल्या वेळी त्यांनी 'अशी जोडी हवी' म्हटलं होतं, दुसऱ्या वेळी काय म्हटलं ते लिहिण्याची मला इच्छा नाही.

लोकांनी एवढं बारीक लक्ष ठेवायला कधी सुरुवात केली? फेसबुकवर आधीपासून प्रत्येकाच्या पानावर नात्याची नोंद असायची, 'एकटा', 'लग्न झालेला', 'गुंतागुंत आहे' वगैरे. ती बघायला त्या माणसाच्या पानावर जावं लागे. ५ सप्टेंबर २००६ ला न्यूजफीड आली आणि कुणी ती नोंद बदलली की सगळ्या मित्रांना आपोआप कळायला लागलं. प्रेम तुटलं की तुटका बदाम दिसायचा. लाखो विद्यार्थ्यांनी तेव्हा निषेध केला होता. कंपनीने माफी मागितली, थोड्या सोयी दिल्या, फीड ठेवली. त्यावर ओरडणारेही ती बघतच होते.

फेसबुकच्याच संशोधकांनी २०१४ मध्ये एक गंमत प्रसिद्ध केली. जोडी जमण्याआधीच्या शंभर दिवसांत दोघांचं एकमेकांच्या भिंतीवर लिहिणं वाढत जातं, जमण्याच्या बारा दिवस आधी ते सर्वाधिक असतं आणि जमल्यावर कमी होत जातं. लिहिणं कमी होतं, पण असतं ते जास्त गोड. माझ्या टेबलावरून हे असंच दिसतं. साखरपुडा ते लग्न या काळात नवरी मुलगी रोज विचारते, "ताई, टीझर कधी?" लग्नानंतर पूर्ण फिल्म तयार होऊन पडलेली असते, पेनड्राइव्ह न्यायला महिनोन्महिने कुणी येत नाही. आलं तर सासरे येतात, उरलेले पैसे द्यायला. मला ही चांगली खूण वाटते.

त्याच वर्षी आलेला लिडिया एमरी आणि सहकाऱ्यांचा आणखी एक अभ्यास आहे. ज्या दिवशी माणसाला जोडीदाराच्या मनाची खात्री वाटत नाही, त्या दिवशी तो नातं जास्त दाखवतो, असं त्यांना आढळलं. हे वाचून लगेच शेजारणीच्या स्टेटसवर शेरे मारू नयेत. दाखवणारा प्रत्येक जण आतून घाबरलेला असतो असा त्याचा अर्थ नाही. पण काही जोडप्यांकडे बघून मला तो आठवतो. नवरा फोनमध्ये, नवरी त्याचा हात ओढून आपल्या खांद्यावर ठेवते आणि मला म्हणते, "आता घ्या."

अशातल्याच एका मुलीचा फोन मी विसरलेले नाही. साखरपुड्याचं रील बरं चाललं होतं. दोन महिन्यांनी रात्री तिने फोन केला. जमलेलं मोडलं होतं. "ताई, ते काढता का?" मी फोन चालू असतानाच काढलं. पण तोवर एका विनोदी पेजने ते उचललं होतं, त्यावर भलतंच गाणं आणि भलताच मजकूर टाकून. तिथं तक्रार केली. त्याने काढलं, तोवर आणखी दोघांकडे गेलं होतं. नवी स्थळं येत होती आणि मुलाकडची माणसं पत्रिकेआधी इन्स्टाग्राम बघत होती. तिचे वडील दुसऱ्या दिवशी दुकानात आले, माझ्यावर चिडले नाहीत. नुसतं विचारलं, "हे सगळ्या मोबाइलमधून पुसायला किती पैसे लागतात?" मी काय सांगणार होते?

तिने निदान ते स्वतःहून टाकायला सांगितलं होतं. जुलै २०१८ मध्ये न्यूयॉर्कहून डॅलसला जाणाऱ्या विमानात एका प्रवासी बाईने पुढच्या सीटवरच्या दोन अनोळखी माणसांच्या गप्पांवर ट्विटरवर मालिकाच लिहिली. दोघं कसे बोलायला लागले, कोपर कोपराला कसं लागलं, विमानातून एकत्र कसे उतरले. सोबत फोटो, चेहरे झाकून. जगभर लोक त्या दोघांच्या प्रेमात पडले. मग त्यांना शोधून काढलं. त्या पुरुषाला प्रसिद्धी आवडली. त्या बाईला मात्र लोकांनी इतका त्रास दिला की तिने समाजमाध्यमांवरची आपली खाती बंद केली आणि वकिलामार्फत कळवलं, मला हे काहीही नको होतं. लिहिणारीने माफी मागितली. विमानात शेजारच्या माणसाशी बोलणं एवढाच त्या बाईचा सहभाग होता. लोकांना मात्र ती एका गोष्टीची नायिका हवी होती.

नथीच्या रीलनंतर आमच्याकडे एक नवीनच मागणी सुरू झाली: "आमच्याही आजी-आजोबांचं काहीतरी कॅन्डिड घ्या ना." एका हळदीत नातवंडांनी आजोबांना उभं केलं, हातात गजरा दिला, "आजीला माळा, हळूच, कॅमेऱ्याकडे बघू नका." आजोबा निमूट माळत होते. आजी म्हणाली, "चाळीस वर्षांत माळला न्हाई, आज काय धाड भरली?" आणि सगळे हसले. नातवंडांना तो भाग कापून हवा होता. मी तो ठेवून द्यायचा हट्ट धरला, त्यांनी ऐकलं नाही, गोड गाणं लावून बिनबोलाचं रील गेलं. फार चाललं नाही. आजीचं ते बोलणं कापलं आणि पाठवण्यासारखं त्यात काही उरलं नाही.

आता आमच्या करारपत्रात एक कलम आहे. दोघांपैकी कुणीही सांगितलं की रील आम्ही कारण न विचारता काढू. इतरांनी उचललेलं मात्र आमच्या हातात नाही. पाहुण्यांपैकी ज्यांना दिसायचं नसेल त्यांची नावं आधी द्या. वकील असलेल्या आतेभावाने हे लिहून दिलं, ठळक अक्षरात. सही करताना ते कुणी वाचत नाही. परवा एका नवऱ्या मुलाने पान उलटून बघितलं, मला वाटलं हा वाचणार. त्याने विचारलं, "ताई, वरात निघायच्या आत एक रील हातात मिळेल का? आमच्या ग्रुपवर पैज लागलीय."